श्रेयाची सातवी

गारखेडा, छ. संभाजीनगर
६ एप्रिल २०२५

ती. सत्यभामाआत्यास,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं जोडतेस, म्हणून हे पत्र. विषय असा आहे की त्यात जोडाजोडी चालायची नाय.

श्रेया जानेवारीपासून शाळेत जात नाय हे तुझ्या कानावर आलं असंल. का, ते आम्ही कुणालाच नीट सांगितलं नाय. तिच्या शाळेत सहावीपासूनच दर शनिवारी परीक्षा आणि सोमवारी भिंतीवर यादी, पहिल्या नंबरापासून साठाव्यापर्यंत. डिसेंबरात तिची वेणी घालताना कानामागं रुपयाएवढी जागा उघडी दिसली. अभ्यासाला बसली की एकेक केस ओढून काढायची पोरगी, आणि तिचं तिलाच कळायचं नाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काही महिने शाळा, परीक्षा सगळं बंद ठेवा. आता केस येतायत. पण शाळेचं नाव काढलं की हात परत कानामागं जातो.

म्हणून जूनपासून तिची सातवी घरीच करायची, असं आमचं चाललंय. खालच्या मजल्यावरच्या मुनिराभाभींची अरफा दोन वर्षं घरीच शिकतेय, मुक्त विद्यालयाची परीक्षा देणार आहे. त्यांनीच सांगितलं की परीक्षेचं नंतर बघता येतं, आधी अभ्यासक्रम ठरवा. आणि तिथंच माझं डोकं चालेना. टेबलावर तीन ढीग आहेत. एक राज्य मंडळाची मराठी पुस्तकं. दुसरा केंद्रीय बोर्डाची इंग्रजी. तिसरं एक मोठं खोकं, परदेशी पद्धतीचं, रोज काय करायचं त्याची तारीखवार यादी असलेलं. गोकुळ चितेगावच्या कंपनीतून आला की तिन्ही चाळतो आणि म्हणतो की सगळंच चांगलं दिसतंय, हीच तर भीती आहे.

तू जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलंस. तूच सांग, कोणता ढीग घेऊ?

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
मंजुषा


पैठण
१४ एप्रिल २०२५

चि. मंजुषास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून राग आला, दुसऱ्यांदा पोरीच्या केसांवर नजर थांबली. ते मला कुणी का सांगितलं नाही, हे नंतर विचारीन.

मुलीला घरी बसवणं हे शब्द माझ्याच्यानं ऐकवत नाहीत. कारण तुला ठाऊक नसणार, तुझ्या वडलांनाही अर्धंच ठाऊक होतं. मी सातवी झाले त्या वर्षी धरणासाठी आमचं गाव उठलं. नव्या गावठाणात घरं आली, देऊळ आलं, शाळा काही तीन वर्षं आली नाही. निघताना गुरुजींनी मला आठवीच्या पुस्तकांचा संच दिला आणि सांगितलं की वाचत राहा. मी वाचत राहिले. बीजगणिताचं पहिलं पान शंभर वेळा वाचलं असंल. 'क्ष' म्हणजे नक्की किती, हे सांगणारं माणूस गावात नव्हतं. आमचे दादा, म्हणजे तुझे आजोबा बन्सी, त्यांना सही यायची तेवढीच. एकदा मी त्यांना विचारलं, तर ते त्या पानाकडं बघून उठले आणि गोठ्याकडं गेले. मग मी विचारणं सोडलं. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून मॅट्रिक झाले, तीही पाठ करून.

तेव्हा कोणता ढीग हे मी आत्ता सांगणार नाही. तू सकाळी आठ ते दोन लॅबच्या काउंटरवर, गोकुळ कंपनीत. या वेळात पोरीला काही अडलं तर ती विचारणार कुणाला? हे आधी ठरव.

एक कर. तिन्ही ढीग तिला दहा-दहा दिवस दे. मार्क नाहीत, तारखा नाहीत. महिन्यानं तिनं मला लिहावं, काय वाचलं आणि काय अडलं. शुद्धलेखन तपासणार नाही हेही सांग.

गोकुळला आशीर्वाद. आठवण ठेवत जा.

तुझी,
सत्यभामाआत्या


गारखेडा
१८ मे २०२५

ती. पैठणच्या आजीस,
श्रेयाचा सा. न.

आई म्हणाली तू शुद्धलेखन तपासणार नाहीस, म्हणून मी भरभर लिहितेय.

आधी खोकं उघडलं, कारण ते सगळ्यात भारी दिसत होतं. त्यात रंग, भिंग आणि पाऊस मोजायची नळी आहे. पण तिसऱ्या दिवशी अंगणातला बर्फ किती इंच साठला ते लिहायचं होतं. इथं बेचाळीस डिग्री आहे. मी शून्य लिहिलं. मग रोज शून्यच. मी गच्चीवर बादलीत पाणी ठेवून ते रोज किती कमी होतं ते मोजलं, पण त्याला वहीत जागाच नव्हती.

इंग्रजी पुस्तकांतलं गणित मला आवडलं. त्यात कोडी आहेत. विज्ञानाला मात्र एकेका वाक्याला शब्दकोश काढावा लागतो, आणि शब्द कळेपर्यंत वाक्य विसरतं.

मराठी पुस्तकं मी शेवटी घेतली कारण ती शाळेसारखी दिसतात. भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. चंद्र समुद्राचं पाणी ओढतो. ते वाचून मला एक अडलं. चंद्र समुद्राला ओढतो तर तुझ्या धरणाच्या नाथसागराला का नाय ओढत? तोपण एवढा मोठा आहे की पलीकडचा काठ दिसत नाय. आई म्हणाली की समुद्रच मोठा असतो म्हणून. पण किती मोठं म्हणजे मोठं? बाबांनी मोबाइलवर शोधलं, तर नाथसागराचं कुठंच काय लिहिलेलं नाय. मुनिराखाला म्हणाल्या की ज्या पाण्याकाठी तुझी आजी राहते, त्या पाण्याचं तिलाच विचार.

तर तू सांग. नाथसागराला भरती येते का?

आजी, मला माया कर, मीपण करते.

तुझी,
श्रेया


पैठण
२९ मे २०२५

चि. श्रेयास खूप आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. वर्गात कुणी असं काही विचारलं की मी म्हणायची, ते पुढच्या वर्षीच्या पुस्तकात आहे. पोरं गप बसायची. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या बाईंच्या वर्गात जायची. असे किती प्रश्न मी पुढं ढकलले असतील, आता आठवायला बसले तर झोप येणार नाही.

मग मी काठावर गेले. शेजारच्या गोजरबाईंकडून बांबू घेतला, त्यावर बोट-बोट अंतरावर चुन्याच्या रेघा ओढल्या आणि पाण्यात रोवला. सकाळ-संध्याकाळ जाऊन बघते. लोकांना वाटतं म्हातारीचं काहीतरी हरवलंय. आठ दिवसांत पाणी वर आलं नाही, रोज दोन बोटं खालीच गेलं. धरणावर राजकुमार नावाचा माझा जुना विद्यार्थी कामाला आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला की कालव्याला पाणी सोडलंय, त्यात हे ऊन, शिवाय वारा सुटला की काठाचं पाणी उगीच वर चढतं. चंद्रानं ओढलंच असंल तर ते केसभर, या सगळ्यात तुमच्या बांबूला कसं दिसणार? ते मला पटलं. पण नाही ओढत, असंही त्याला सांगता येईना.

तू ये. चार डोळ्यांनी बघू.

बादलीच्या आकड्यांची वही सोबत आण. आजीला विसरू नकोस.

तुझी,
पैठणची आजी


गारखेडा
९ जून २०२५

ती. सत्यभामाआत्यास,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

काल श्रेयाला घेऊन सुखरूप घरी पोचलो. तुला काही गोष्टी समोर सांगता आल्या नाहीत, म्हणून लिहितेय.

तुझं पत्र आलं तेव्हा तिनं पहिली ओळ वाचली आणि मला विचारलं, "बाईंना असं म्हणायची परवानगी असते?" गोकुळ तिथंच जेवत होता. तो म्हणाला की आमच्या कंपनीत 'मला माहीत नाही' म्हणायला लई वर्षांची नोकरी लागते.

तुझ्याकडच्या चार दिवसांत मी तिला लांबून बघत होते. तुला ऐकू यावं म्हणून ती काठावर उभी राहून मोठ्यानं आकडे सांगायची. सहा महिने ही पोर घरात पुटपुटत होती, आत्या. आणि चारही दिवस तिचा हात एकदाही कानामागं गेला नाय.

अभ्यासक्रम ठरला. मराठी पुस्तकं घ्यायची, इंग्रजी ढिगातलं फक्त गणित ठेवायचं. खोकं परत पाठवलं. श्रेयानंच ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाली की ज्या पुस्तकातलं अडलेलं आजीला विचारता येईल, तेच पाहिजे. आठवीच्या वेळी मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरू. मुनिराभाभी सोबत येणार आहेत. कधी पुढं तिला शाळेत जावंसं वाटलं तर तेही मोकळं ठेवलंय.

आता मागणं. सकाळी आठ ते दोन ती विचारणार कुणाला, याचं उत्तर मला सापडलेलं नाय. एक आठवडा आड तू इकडं येशील का? अरफाही वर येऊन बसंल. उरलेल्या आठवड्यात मी लॅबमध्ये दुपारची पाळी मागितलीय. तुला झेपणार नसंल तर मोकळेपणानं कळव, मी रुसणार नाय.

तुझ्या उत्तराकडं डोळे लागलेत. जीव लावलास, तो असाच राहू दे.

तुझी,
मंजुषा


गारखेडा
२८ जून २०२५

ती. आजीस,
श्रेयाचा सा. न.

तू काल गेलीस आणि घरात एकदम शांत झालं. अरफा म्हणते की तुझा आवाज तिच्या घरापर्यंत जायचा, म्हणून तिच्या अम्मीलाही भूगोल आला.

हा तुझा पहिलाच आठवडा होता, म्हणून हे लिहू का नको असं वाटत होतं. पण लिहिते. भरती-ओहोटी शिकवताना तू फळ्यावर काढलंस की चंद्र ज्या बाजूला असतो त्या बाजूचं पाणी वर येतं. काल रात्रीच्या जेवणाआधी मी आणि अरफानं पुस्तकातली आकृती परत बघितली. त्यात पलीकडच्या बाजूलाही पाणी फुगलेलं आहे. चंद्राच्या बरोबर उलट्या बाजूला. म्हणून तर भरती दिवसातून दोनदा येते. तू एकच बाजू काढली होतीस.

म्हणजे आजी, तुझं चुकलं.

अरफा म्हणाली की मोठ्यांना असं लिहू नये. मी म्हटलं आमच्या आजीला चालतं. चालतं ना? पलीकडचं पाणी का फुगतं ते मला अजून नीट समजलं नाय. पुस्तकात केंद्रोत्सारी बल असं लिहिलंय, आणि त्यापुढं धडा संपतो.

रागावली असशील तरी लोभ ठेव.

तुझी,
श्रेया


पैठण
२ जुलै २०२५

चि. श्रेयास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्या आल्या पुस्तक काढून बघितलं. तुझं बरोबर, माझं चुकलं. पस्तीस वर्षं मी ती आकृती एकाच बाजूनं काढत आले, आणि एकाही पोरानं मला सांगितलं नाही. सांगायची सोय मी ठेवली नसणार.

पलीकडचं पाणी का फुगतं ते मलाही समजलेलं नाही. रविवारपर्यंत डोकं चालवते, तूही चालव.

सोमवारी सातच्या एसटीनं येते. त्या दिवशी फळ्यापाशी तू उभी राहा. मी अरफाशेजारी बसते.

तुझी,
आजी