कवळीच्या रंगाचं चाक

११ जाने. ९८, रविवार

नंदा माहेरी आली, संक्रांतीपर्यंत आहे. शेजारी स्वतःच्या घरी पिशवी टेकवली न टेकवली तोच आमच्या गणपतीच्या कारखान्यात हजर. दादा रंगाच्या खोलीत होता म्हणून बरं. कमरेला खोचलेली कुंकवाची डबी काढून माझ्या हातात. उघडली तर आत प्लास्टिकचं पांढरं दातेरी चाक. शर्टाच्या बटणाएवढं. दोन दाते गायब.

"मूर्तीचं बोट तुटलं तर जोडतेस ना गो? मग ह्ये जोड."

हे तिच्या दिराच्या गेमचं. प्रकाशभावजी मस्कतला असतात. मागच्या सुट्टीत टीव्हीला जोडायचा, सीडीवर चालणारा गेम घेऊन आले आणि जाताना आपल्या खोलीत, आपल्याच टीव्हीशेजारी झाकून ठेवून गेले. कुणी हात लावायचा नाही! आणि ही बया रोज दुपारी सासूचा डोळा लागला की तिथे बसून गाड्या पळवते. नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला. कित्येक महिने चाललंय म्हणे. आणि मला आज सांगते!

"शेवटचा राउंड होता. मी पहिली होते गो, पहिली! आणि कट कट कट कट. गाडी हाय तिथं उभी."

रडवेली वगैरे नाही. हरल्याचाच राग जास्त. नवऱ्याच्या स्क्रूड्रायव्हरने मशीन स्वतःच उघडलं तिने. सीडीच्या खाली एक काचेचा डोळा असतो, तो या चाकाच्या जोरावर पुढे सरकतो. चाक अडलं की डोळा अडला, पुढची चित्रं येतच नाहीत.

भावजी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येणार. "घरात काय मोडलं की माझंच नाव. मिक्सर मी मोडला, घड्याळ मी बंद पाडलं. त्यात ह्ये कळलं तर संपलंच." खोटं नाही. तिच्या सासूचा तोंडाचा पट्टा मी लग्नातच ऐकलाय.

हो म्हणून बसले. माघी गणपतीच्या मूर्ती निम्म्या व्हायच्यात, आणि मी हो म्हणून बसले.

१२ जाने.

चिकटवून भागणार नाही, जोर तिथेच येतो. नवीनच ओतायला हवं. म्हणजे साचा आला. आणि साचा म्हणजे मी!

चांगल्या बाजूच्या तीन दात्यांचा शाडूत ठसा घेतला. त्यात मेण ओतलं. ते मेणाचे दाते सुईने उचलून मोडक्या जागी बसवले. श्वास रोखून. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली, मी "हो" म्हणाले म्हणे. आठवत नाही.

जन्मापासून या कारखान्यात बसलेल्या मूर्ती बघतेय. लोडाला टेकलेल्या, उंदरावर बसलेल्या, सिंहासनावर बसलेल्या. फिरणारं असं काही या हातांनी कधी केलं नाही. 

आणखी एक. आमच्या प्रत्येक नमुन्याला तळाशी सुईने खूण घालतात, 'वि'. बाबा विष्णू, दादा विनायक, त्यामुळे अक्षर बदलायचीही वेळ आली नाही. बाबा गेल्यापासून साचे सगळे माझे. खूण वि. आज चाकाच्या सपाट बाजूवर सुई टेकवली. हात सवयीने 'वि'कडे निघाला होता. थांबवला. 'सु' घातला.

कुणाला दिसणारे!

१४ जाने. संक्रांत

कालपासून चाकावर साच्याच्या रबराचे हात, एकावर एक. पातळ लावायचं, सुकू द्यायचं, पुन्हा लावायचं. घाई केली की बुडबुडा. दादाने पाहिलंच. "ह्ये काय?" म्हटलं, बटण. "बटणाचा साचा?" म्हटलं, हो, हरवलंय. त्याने मान हलवली नि माघीच्या मूर्ती दाखवल्या. तिळगूळ घेतला पण गोड काही बोलला नाही.

दुपारी साचा सोडवला. दाता न् दाता उठलाय. नाचावंसं वाटलं. लगेच प्लास्टर भरून ठेवलं.

१५ जाने.

प्लास्टरचं चाक निघालं, इतकं सुबक की नंदाने गालाला लावलं. मग विणायच्या सुईवर चढवून जरा दाबलं मात्र, तिळाच्या वडीसारखा भुगा. दोघी भुग्याकडे बघत बसलो. गणपतीला कुणी दाबत नाही. मला हे आधी सुचू नये?

नं. संध्याकाळी सासरी रोह्याला गेली. जाताना एवढंच, "बघ गो काहीतरी." तिला काय जातंय म्हणायला!

१९ जाने.

सापडलं!! सापडलं!!

आईची कवळी तडकली म्हणून दातांच्या दवाखान्यात गेलो. तिथला मदतनीस आतल्या टेबलावर गुलाबी पूड वाटीत घेतो, बाटलीतलं उग्र वासाचं पाणी ओततो, ढवळतो, तडकलेल्या जागी भरतो. थोड्या वेळात दगड! मी उठून त्याच्या डोक्यावर जाऊन उभी. आई मागून बोळक्या तोंडाने, "मी हितं तोंड झाकून बसलेय नि तू पुड्या काय बघतेस?"

त्याला म्हटलं थोडी पूड द्या. "कुणाची कवळी?"

"एकाची. दोनच दात पडलेत."

"वय काय?"

"लहान आहे हो, वर्षाचंसुद्धा नसेल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. मग चाक काढून दाखवलं. तोही हसला, कागदाच्या पुडीत पूड आणि औषधाच्या बाटलीत पाणी दिलं. आईला कवळी बसवल्यावर पहिलं वाक्य, "ही मुलगी मला कुठं न्यायच्या लायकीची नाय."

२१ जाने.

गुलाबी चाक! दाबलं, आपटलं, दाराच्या फटीत धरलं. ढिम्म. मग रीतसर काम केलं. साच्याची शिवण घासली, बारीक पॉलिशपेपर फिरवला, पांढऱ्याचा एक हात दिला. कंपनीचं त्याच्यापुढे फिकं पडेल. नं.चा भाऊ बाळू धाटावलाच कामाला जातो, कंपनीच्या बसने. कुंकवाच्या डबीत घालून त्याच्याकडे दिलं. "ताईला कुंकू पेणवरनं लागतं?" म्हणे. म्हटलं, लागतं.

२३ जाने.

दुपारी कारखान्यात फोन. नशीब मीच उचलला. पलीकडून कुजबुज. "घसरतंय गो. नुसतं फिरतंय, डोळा जागचा हलत नाय."

चिडलेच. म्हटलं तुला बसवता आलं नसेल. ती म्हणाली, "मला बसवता येतं. तुझं चाक बघ." आपटला फोन. म्हणजे मीच.

बाळूने डबी परत आणली. चाक कंपनीच्या चाकाशेजारी उन्हात ठेवलं, आणि कळलं. दात्यांची टोकं गोल. वर पांढऱ्याचा थर. माझंच घासकाम! आमच्याकडून कच्चं काही बाहेर जात नाही ना. शिवण घासायची, पांढरा हात द्यायचा, मगच फळीवर. हात ऐकतो कुणाचं? चाकाचा पार गणपती करून टाकला मी.

स्वतःला दोन शिव्या दिल्या नि मग एकटीच हसत सुटले. दादा रंगाच्या खोलीतून, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, बटण सापडलं.

२७ जाने.

पुन्हा ओतलं. या वेळी पॉलिशपेपर आईच्या गादीखाली लपवला, हात जाऊ नये म्हणून. शिवणीचा वाढीव पापुद्रा फक्त ब्लेडने उडवला. बस्स. ध्यान दिसतंय. कवळीचा गुलाबी रंग, खरखरीत, मधे एक बुडबुडा. आणि रंग नाही त्यामुळे 'सु' लख्ख दिसतोय. खरवडून टाकावा का? तासभर ब्लेड हातात. नाही टाकला.

१ फेब्रु.

माघीच्या सगळ्या मूर्ती गेल्या. पाठ म्हणजे काय ते आज कळतंय. उद्या नं.कडे रोह्याला हळदीकुंकू. दादाला म्हटलं जाते. "तुला कधीपासनं हळदीकुंकवाची हौस?" हल्लीच.

२ फेब्रु.

फिरलं फिरलं फिरलं!!

नीट लिहिते. वडखळला गाडी अर्धा तास उभी, मला वाटलं जीव जातो. पोचले तर पुढच्या खोलीत बायकाच बायका. सासूबाई जरीचं नेसून वाणाच्या वाट्या वाटतायत. मी त्यांना पेणची मिरगुंडं दिली, वाकून नमस्कार केला, आणि नं. मला "जरा पातेलं काढू लाग" म्हणून भावजींच्या खोलीत घेऊन गेली. आतून कडी.

तिने तीन मिनिटांत मशीनचं कवच काढलं. काय हात चालतो तिचा! मी चाक बसवलं, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. वरचं झाकण उघडं असलं की ते चालत नाही, म्हणून तिने आतली कळ हेअरपिनने दाबून धरली. टीव्हीचा आवाज बंद. सीडी फिरली. मी सीडीच्या कडेखाली नाक खुपसून. काही नाही. काही नाही. आणि मग गुलाबी चाक हललं. एक दाता. आणखी एक. मग सरळ फिरायलाच लागलं, जणू कायम तेच करत आलंय. पडद्यावर रस्ता आला, गाड्या आल्या.

मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. नं.ने एका हातात हेअरपिन धरून दुसऱ्या हाताने मला मिठी मारली.

"घे, पळव."

मी घेतली, पहिल्याच वळणावर भिंतीवर घातली. ती म्हणाली, "शी गो." बाहेरून सासूबाई, "नंदा! वाण सरलं, आत करतेस काय?"

"पातेलं सापडत नाय!"

कवच लावताना तिला 'सु' दिसला. "ह्ये काय, तुझं नाव?" म्हटलं, साच्याला खूण असतेच. तिने त्यावरून अंगठा फिरवला. मग स्क्रू आवळला.

७ फेब्रु.

फोन. भावजी काल आले. खेळले. काही कळलं नाही. "चिंचेवरचं भूत उतरलं एकदाचं मानेवरनं," म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मग फोन ठेवला आणि मला उगाच कसंतरी झालं. काही कळलं नाही. चांगलंच आहे की. मग?

९ फेब्रु.

कळलं!

नं.चा फोन. भावजी मशीन उघडून आतली धूळ काढणार, हे तिला कुठे माहीत. आज जेवताना चाक तळहातावर घेऊन आले. "ह्ये कंपनीचं नाय. वर सु हाय. कुणी बसवलं?"

सासूबाई लगेच, "नंदाचा हात लागला असंल. तिचा हात लागला की संपलं."

नं.ची नजर ताटात. नवराही ताटाकडे बघतोय. पण भावजी रागावलेले नाहीत, उलट मस्कतला त्यांच्या खोलीतल्या मित्रांची मशिनं याच चाकापायी बंद पडलीयत, चाक कुठे मिळत नाही. "ज्यानं केलं त्याचं नाव फक्त सांगा. मी चाकं घेऊन जातो त्याच्याकडनं."

नं. फोनवर रडवेली, पहिल्यांदाच. "काय करू गो? नाव सांगितलं तर माझं सगळंच बाहेर येतं. दुपार गेली, गाडी गेली, आणि वर बोलणी."

सांग! असं ओरडायचं होतं मला. सु म्हणजे कोण ते सांग! तोंडातून आलं, "तुझं तू बघ." तिने फोन ठेवला. दिवसभर जो समोर येईल त्याच्यावर खेकसले. आईवर, मांजरावर, प्लास्टरच्या पोत्यावर.

११ फेब्रु.

दुपारी जेवताना दादा, वरण ओतता ओतता, "सकाळी रोह्याहून कोण प्रकाश म्हणून फोन होता. सु कोण विचारत होता. मी सांगितलं, आमच्या मालावर वि असतो. सु-बिसु कोण नाय."

घास तसाच राहिला माझा. म्हटलं, असं का सांगितलंस? "अनोळखी माणसाला बहिणीचं नाव कशाला सांगू?" म्हणजे ओळखलं होतं त्याने! बटण, साचा, सगळं. ओळखून नाही म्हणाला.

उठले, खरकट्या हाताने फोन लावला. नं.नेच उचलला. काल तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. खेळते म्हणून, मोडलं म्हणून, आणि चाक पेणच्या कारखान्यातल्या मैत्रिणीने केलं तेही. सासूबाईंचा पट्टा सुटला, मिक्सर, घड्याळ, सगळं निघालं. तेव्हा ही म्हणाली, "ह्ये मी मोडलं. मिक्सर नाय." सासूबाई तेव्हापासून गप्प आहेत. किती दिवस कोण जाणे. पेणचा नंबर तिनेच दिला भावजींना.

तिने आपली दुपार घालवून मला पुढे केलं, आणि आमच्या घरातून "कोण नाय" म्हणून उत्तर गेलं. लाज वाटली. तिला म्हटलं, भावजींना दे.

"सु म्हणजे कोण हो?"

"मीच. सुमन."

"मग सकाळी ते नाय का म्हणाले?"

"ते मी बघते. चाकं किती हवीत?"

दादा दारात उभा होता. सगळं ऐकलं. चपला घालून बाहेर गेला.

आता कारखान्यात बसून लिहितेय. समोर यंदाच्या भाद्रपदातल्या मोठ्या मूर्तीचा नमुना, शाडूचा, माझ्या हातचा. उद्या त्यावर रबराचा पहिला हात. तळाला खूण घालायची राहिलीय. या एका नमुन्यावरून किती मूर्ती निघतील, कुठे कुठे जातील.

सुई घेतलीय. दादाच्या पाठीमागे घालणार नाही, तो आला की त्याच्या डोळ्यांदेखत. तळाला ओलं फडकं लावून ठेवलंय, माती सुकू नये म्हणून. अंगणात चपला वाजतायत.