विजेच्या पेटीला नारळ वाहणे बंद करण्याबाबत

डोंबिवली,
ता. ८ फेब्रुवारी १९५७

प्रति,
मा. तक्रार अधिकारी,
उल्हासतीर इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी,
विभागीय कचेरी, कल्याण.

अर्जदार : चिंतामण सखाराम आठल्ये, निवृत्त आवक-जावक कारकून, राहणार आवडाबाई म्हात्रे यांचे घर, कोपर गावाकडे जाणारा रस्ता, डोंबिवली.

विषय : घराचा फ्यूज वारंवार जाणे, आणि वायरमन काळुराम यांना त्यांनी नारळाबाबत काढलेले शब्द मागे घेण्यासाठी पाठविणे.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अकरा अर्ज. २) त्यांस आपले आलेले एकमेव उत्तर.

महोदय,

१. मी बत्तीस वर्षे एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होतो. अर्ज कोणत्या फायलीखाली सरकवावा, 'चौकशी चालू आहे' हे वाक्य किती महिने पुरते, आणि अर्जदार कंटाळून गप्प बसल्यावर 'तक्रार उरली नाही' असा शेरा कोणत्या शाईने मारावा, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. आपल्या कचेरीला मात्र आहे. तेथे हे कामही धड होत नाही. माझा सातवा अर्ज मला आपल्याच कचेरीसमोरच्या भजीवाल्याकडून परत मिळाला. तो तेलकट झाल्याने सोबत जोडला नाही.

२. हकीकत अशी. आमच्या घरमालकीण आवडाबाई म्हात्रे या इथल्या जुन्या रहिवासी. त्यांच्या घराच्या पुढच्या तीन खोल्यांत मी, पत्नी विमलाबाई आणि मुलगी हेमा असे भाड्याने राहतो. मागे आवडाबाई व त्यांचा मुलगा गोपीनाथ राहतात. दोन्ही घरांना मिळून ओटीवर विजेची एकच पेटी आहे. पेटीवर कंपनीचे शिशाचे सील आहे आणि ते तोडणे हा गुन्हा आहे. म्हणजे फ्यूज गेला की आम्ही अर्ज करायचा किंवा निरोप धाडायचा, आपण तो दाबायचा, आणि चार-पाच दिवसांनी काळुराम वायरमनने सायकलवरून येऊन एक तार बांधायची. सप्टेंबरपासून फ्यूज सतरा वेळा गेला आहे. तारखांचे टिपण सोबत आहे. ते आपल्याला समजेल अशा मोठ्या अक्षरात काढले आहे.

३. अकरा अर्जांवर आपले एक उत्तर आले : "वीज वापर जास्त. कमी करावा." आमच्याकडे चार दिवे आणि एक रेडिओ. तरीही साहेबांचा शब्द म्हणून आम्ही स्वयंपाकघरातला दिवा काढला. फ्यूज गेला. मग माजघरातला काढला, तरी गेला. पुढे सगळे दिवे काढून फक्त रेडिओ ठेवला, आणि तो बंद असतानाही फ्यूज गेला. आता आपल्या आज्ञेप्रमाणे वापर आणखी कमी करायचा तर आम्हाला घर सोडूनच जावे लागेल. ज्याने हे उत्तर लिहिले त्याने आमची ओटी पाहिली नव्हती, हे उघड आहे. विजेचा दिवा तरी पाहिला होता का, हे कळवावे.

४. खरे कारण आपल्या इंजिनिअरांना सापडले नाही. ते मला, म्हणजे पेन्शनीत निघालेल्या कारकुनाला सापडले. पहिल्या तीन वेळा तार कुजकी होती. तसे काळुराम यांनी स्वतः कबूल केले. पण तिसऱ्या वेळी ते घामाघूम होऊन आले होते. आवडाबाईंनी त्यांना विचारले की ही वीज सारखी का जाते. तेव्हा कंपनीच्या या तज्ज्ञाने उत्तर दिले : "आजी, मी तर थकलो. आता एक नारळ देऊन बघा हिला, नायतर ही काय गप बसायची नाय." ते म्हणाले थट्टेने. आवडाबाईंनी ते घेतले खऱ्याने, कारण सांगणाऱ्याच्या खांद्यावर कंपनीची पिशवी होती.

तेव्हापासून काळुराम तार बांधून गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई आंघोळ करून ओटीवर येतात. उंबऱ्यावर नारळ फोडतात, पाणी वाटीत धरतात, त्यात हळदकुंकू कालवतात, आणि बांधलेली तार टिकावी म्हणून ते त्या पेटीवर तीन वेळा शिंपडतात. पाणी फटीतून आत झिरपते आणि तासाभरात फ्यूज जातो. मग पुन्हा अर्ज, पुन्हा काळुराम, पुन्हा नारळ. असे चौदा वेळा झाले. ओल्या पायांनी त्या पेटीपुढे उभी राहणारी सत्तरीची बाई अजून जिवंत आहे, यात आपल्या कंपनीचा काही पराक्रम नाही.

हे सगळे माझ्या दारासमोर चालू असताना मला चार महिने कसे दिसले नाही, असा प्रश्न आपण विचाराल. विचारावाच. अडाणी बाईच्या पूजाअर्चेकडे काय पाहायचे, म्हणून मी त्या वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरीत असे.

५. आता मूळ नुकसानीबद्दल. माझी मुलगी हेमा गाते. नऊ वर्षे मी तिला घराबाहेर गाऊ दिले नाही. चारचौघांत गाणे आमच्या घराला शोभत नाही असे माझे मत होते, आणि ते मी आल्यागेल्याला ऐकवीत असे. तिच्या आईने माझ्यामागे तिची ठाण्याला शिकवणी चालू ठेवली. परिणामी मंगळवार ता. ८ जानेवारी रोजी सकाळी दहा वाजता मुंबई रेडिओवर तिचे गाणे होते. काळुराम आदल्याच दिवशी तार बांधून गेले होते. शेजारपाजारची दहा-बारा माणसे आमच्याकडे जमली. मी बाहेर जाणार असे सगळ्यांनी धरले होते. मी गेलो नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. तिथून पेटी चार हातांवर आहे.

दहा वाजता निवेदकबाईंनी नाव सांगितले : हेमा आठल्ये. आणि रेडिओ बंद पडला. माझे आडनाव मला ऐकू आले, मुलीचा आवाज आला नाही.

गाणे रेकॉर्डावर नव्हते, त्यामुळे ते गेले ते गेलेच. संध्याकाळी ती मुंबईहून आली तेव्हा मी म्हणालो, "फ्यूज गेला." तिने "बरं" म्हणून चपला काढल्या आणि आत गेली. नंतर विमलाबाईंनी मला सांगितले, मीच पेटीशेजारचा खटका पाडला असे तिला वाटते. नऊ वर्षांचा माझा लौकिक पाहता तिचे चुकले असे मला म्हणता येत नाही. महिना झाला, ती घरात गात नाही. आपल्या कंपनीने माझ्या घरात अंधार केला ही तक्रार आता फार मोठी वाटत नाही. त्या अंधाराचे श्रेय मला मिळाले, ही माझी तक्रार आहे.

६. त्यानंतर काळुराम या खेपेस पंधरा दिवसांनी, २३ जानेवारीला आले. २४ तारखेस मी वर्तमानपत्र न घेता ओटीवर बसलो आणि वर लिहिलेला सर्व प्रकार डोळ्यांनी पाहिला. मी आवडाबाईंना जोरात बोललो. अडाणीपणाचा उद्धार केला. त्यांनी वाटी खाली ठेवून एवढेच म्हटले : "तो सायबाचा मानूस हाय. तू कोन?" गोपीनाथाने नंतर मला बाजूला घेऊन सांगितले की ८ जानेवारीला नारळ एक नव्हता, दोन होते. दुसरा आईने हेमासाठी फोडला होता. पोरीचे गाणे चालू असताना वीज जाऊ नये म्हणून.

मंगळवार ता. १९ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजता हेमाचे पुन्हा गाणे आहे. मागच्या वेळी दोन नारळ कमी पडले असे समजून आवडाबाईंनी या खेपेस पाच आणून ठेवले आहेत.

७. आपल्या कचेरीतील एका कारकुनाने मला सुचविले की गाणे ऐकायचेच तर स्टेशनाजवळच्या हॉटेलात जाऊन ऐकावे. त्याला बढती द्यावी. असा माणूस कचेरीची शान असतो. मला गाणे हॉटेलात ऐकायचे नाही. मी घरात, त्याच खुर्चीवर बसून ते ऐकले, हे माझ्या मुलीला कळायला हवे.

८. तरी विनंती की,
(अ) १८ फेब्रुवारीपूर्वी काळुराम यांना पाठवून तार बांधून घ्यावी व पेटी कोरडी करून घ्यावी.
(आ) काळुराम यांनी कंपनीची पिशवी खांद्यावर ठेवून आवडाबाईंसमोर उभे राहावे आणि ते नारळाचे बोलणे थट्टेचे होते असे त्यांना सांगावे. माझ्या सांगण्याचा उपयोग नाही. तो अधिकार मी स्वतःच घालवला आहे.
(इ) काळुराम यांना शिक्षा करू नये. सोळा वेळा सायकल मारीत आलेला आपल्या कंपनीतला तो एकच माणूस आहे.

९. माझे आधीचे अर्ज 'अर्जदार हा ग्राहक नाही' या कारणाने बाजूला ठेवले गेले, असे मला काल खिडकीवर समजले. वीज आवडाबाईंच्या नावावर आहे. अकरा अर्ज होईपर्यंत हे कोणी सांगितले नाही. मीही माझ्या काळात सांगितले नसते. त्यामुळे आज मी मागच्या दारी गेलो आणि हा अर्ज त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला. परिच्छेद ४ आणि ६ सुद्धा.

आपल्याकडून काही होईल अशी आशा नसलेला, तरी वाट पाहणारा,
चिं. स. आठल्ये

सोबत :
१) फ्यूज गेल्याच्या तारखांचे टिपण.
२) नारळाची एक वाटी, कुंकवासह, पुरावा म्हणून. खाल्ल्यास हरकत नाही, पोच मात्र द्यावी.

दुरुस्ती : परिच्छेद ४ मधील 'अडाणी' हा शब्द खोडला आहे असे समजावे. खाडाखोड मान्य. – चिं. स. आ.

ग्राहकाची संमती : अर्ज ऐकला. नारळ काळुराम येईपर्यंत थांबवले आहेत. ग्राहकाने पुढील मजकूर त्यांच्याच शब्दांत लिहावयास सांगितला, तो लिहिला आहे :
"पोरीचा गाना मना पन आयकाचा हाय."

आवडाबाई म्हात्रे, यांचा डाव्या हाताचा अंगठा.