पाचव्यांचा शेवटचा शब्द

मी, खाली सही करणारा, धंदा शर्यतीचे घोडे तयार करणे, राहणार तबेल्याच्या वरच्या मजल्यावर, आज सकाळी पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल पुढे कोणी शंका काढू नये म्हणून घोड्यांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी सवयीने आधी माझे दात पाहिले, मग डोळे, आणि म्हणाले, "डोकं शाबूत आहे. थोडं चालवून बघू का?" उद्या माणसांचे डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. त्यांनी धीर भरपूर दिला, पण सही आधी घेतली. तेव्हा मीही माझ्या सह्या उरकून घेतो. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. खाली व्हॅनचा ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवतोय, तेवढंच.

तो हॉर्न कशाचा, ते आधी सांगतो, कारण बाकीची कलमं त्यापुढे किरकोळ आहेत. आमच्या घोडीला तबेल्यात सगळे आत्याबाई म्हणतात, कारण ती येणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवल्यासारखं बघते. उद्याच्या शर्यतीसाठी आत्याबाईचं नाव दोन मैदानांवर नोंदवलंय. मोठ्या मैदानावर बक्षीस डोळे फिरवणारं, आणि ते पाचव्या नंबरापर्यंत वाटतात. छोट्या मैदानावर पहिल्याला बक्षीस आणि बाकीच्यांना टाळ्या. दुपारच्या आत एका ठिकाणचं नाव मागे घ्यायचं आहे. घोडी अर्धी माझी, अर्धी मेहुण्याची, पण ती कुठे पळवायची याचा शेवटचा शब्द करारानुसार माझा आहे.

मोठ्या मैदानाची जमीन सध्या उन्हाने विटेसारखी झाली आहे, आणि आत्याबाईचा पुढचा डावा पाय गेल्या हंगामात सुजला होता. माझी मुलगी तो पाय रोज गार पाण्यात धरून बसली, तेव्हा कुठे सूज उतरली. ती काल म्हणाली, "बाबा, त्या जमिनीवर वळणाला तिचा पाय जाणार. पाय गेला की घोडी गेली. मग मला काही सांगू नका."

मेहुणा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "भावजी, आपल्याला जिंकायचंय कुठे? तिकडे पाचवी आली तरी इकडच्या पहिलीपेक्षा जास्त मिळतात." हे वाक्य माझं आहे. त्याने ते माझ्याकडूनच पाठ केलं आहे, त्यामुळे मला त्याला धड झापताही येईना.

आता कलमं.

कलम पहिलं. घर आणि तबेला बायकोला. खरं तर दोन्ही तिच्या वडिलांनी तिच्याच नावावर करून ठेवलेलं आहे, म्हणजे जे माझं नाही ते मी मोठ्या मनाने तिला देतो आहे. हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "उपकार झाले. आता औषध घ्या."

कलम दुसरं. बँकेत जे असेल ते बायको आणि मुलीने वाटून घ्यावं आणि आकडा बघून हसू नये. बक्षिसाची रक्कम मोठी तिथे आम्ही, हा माझा जन्माचा नियम. लांबलांबच्या मैदानांवर घोडे नेले आणि मिळालेलं सगळं डिझेल आणि लॉजमालक यांना वाटून घरी आलो. दोन लॉजमालकांनी तेवढ्यात मजले चढवले. जवळच्या मैदानावर माझा घोडा जिंकला असता, पण तिथली रक्कम ऐकून माझ्याच्याने खोगीर उचलवत नसे.

कलम तिसरं. शेजारच्या तबेल्यातल्या ट्रेनरने माझं नाव पाचवे ठेवलं. माझे घोडे बड्या शर्यतीत कायम पाचवे येत, आणि मी पाचव्याचा चेक घेऊन खूश होऊन परतत असे, म्हणून. ते इतकं रुजलं, की नवे लोक ते माझं आडनाव समजतात आणि पत्रिकेवर "श्री. पाचवे" छापतात. या गृहस्थाने माझं घमेलं नेलं ते आजवर परत केलेलं नाही. ते आता त्याचंच. सोबत माझी माफी ठेवतो. घमेल्यासारखी तीही त्याने मागितलेली नव्हती.

कलम चौथं. दुर्बीण मेहुण्याला. तिच्यातून मागचे घोडे फार स्पष्ट दिसतात. पुढच्यांसाठी ती कधी वापरलेली नाही, तेव्हा हमी देत नाही.

कलम पाचवं. (या आकड्यावर आल्यावर नालबंद हसला. त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, म्हणून काही बोलत नाही.) बक्षीस घेताना फोटोसाठी एक कोट शिवून घेतला होता. पाचव्याचा फोटो काढत नाहीत, त्यामुळे तो नव्यासारखा राहिला. तो ड्रायव्हरला, आणि आजच, कारण आज रात्री तो मैदानावर थंडीत व्हॅनमध्येच झोपणार. म्हणून ड्रायव्हरला साक्षीदार करता आलेलं नाही. नालबंदाला काहीच ठेवलेलं नसल्यामुळे तो कायद्याने अगदी योग्य आहे.

कलम सहावं, ज्यासाठी हा खटाटोप. आत्याबाईतला माझा अर्धा वाटा मुलीला, आणि त्याबरोबर शेवटचा शब्दही तिलाच. बायको म्हणाली, "या घरात शेवटचा शब्द तुमचा कधी होता, ते आधी लिहा." तो फक्त घोड्यांच्या बाबतीत होता, असा खुलासा करतो. मेहुण्याने माझ्या पश्चात मुलीशी यावरून वाद घालू नये. वाद घालायचाच तर आत्याबाईशी घालावा.

पण हे सगळं मी गेल्यानंतरचं, आणि व्हॅन तर आत्ता दारात उभी आहे. मुलगी आत्याबाईला व्हॅनमध्ये चढवून तिच्याजवळच बसली आहे. मी मेलोच, तर मोठ्या मैदानावरच्या पाचव्याच्या पैशात तबेला पुढच्या हंगामापर्यंत तग धरेल. नाहीतर मुलीला घोडे विकायला लागतील, हे मला कळतं. हातात काहीतरी ठेवून जावं असं मला फार वाटतं. सगळ्या नवऱ्यांना आणि बापांना वाटत असणार, फक्त त्यांनी त्याची तयारी आधीपासून केलेली असते.

ड्रायव्हर वर आला. "मालक, फाटकातून डावीकडे का उजवीकडे? गाडी तर आपोआपच उजवीकडे वळते." उजवीकडे मोठं मैदान. मी त्याला विचारलं, "खाली मुलगी काय करतेय?" तो म्हणाला, "घोडीच्या पायाला पट्टी बांधतायत. रडतायत बहुतेक, मी नीट बघितलं नाही."

डावीकडे जा, म्हटलं. मोठ्या मैदानावरचं नाव मागे घेतल्याचा फोन मी स्वतः केला. पलीकडच्या कारकुनाने मला नाव दोनदा विचारलं. मेहुणा जिन्यात बसून राहिला.

सही: पाचवे
साक्षीदार: घोड्यांचे डॉक्टर, नालबंद
स्थळ: तबेल्यावरची खोली. दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस.

पुरवणी

मी मेलेलो नाही, त्यामुळे वरील कलमं तूर्त लागू नाहीत. मेहुण्याने दुर्बीण परत आणून द्यावी.

तो काल भेटायला आला आणि खाटेच्या कडेला बसून बराच वेळ संत्री सोलत राहिला. मग म्हणाला, "भावजी, मोठ्या मैदानावर जमीन बघून सगळ्यांनी घोडे काढून घेतले. चारच पळाले. पाचव्याचं बक्षीस तसंच राहिलं, घ्यायला कोणी नव्हतं. आत्याबाई नुसती चालत आली असती तरी चाललं असतं." म्हणजे उभ्या आयुष्यात एकदा पाचवी जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि त्याच दिवशी मी डावीकडे वळलो. मला इतकं हसू आलं की नर्स टाके बघायला धावली. घोड्यांचे डॉक्टर मागाहून आले. त्या चारांतला एक वळणावर पडला, आणि त्याला उठवता आलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मग मी हसायचा थांबलो.

संध्याकाळी मुलगी आली. तिने फोटो आणला होता. फोटोत ती, आत्याबाई, आणि दोघींच्या पुढे माझा कोट घालून उभा ड्रायव्हर. मिळालेलं बक्षीस डिझेलला पुरलं, वर आत्याबाईला गाजरं आली. मग तिने मोबाइल माझ्या कानाशी धरला. मैदानावरच्या भोंग्याचा आवाज तिने टिपून आणला होता. निवेदक म्हणत होता, "पाचव्यांची घोडी पहिली," आणि लोक हसत होते, म्हणून त्याने ते परत एकदा, सावकाश सांगितलं.

ते मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा लावून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, पुरे आता, बॅटरी संपेल."

तेव्हा वरील मजकुरात एकच दुरुस्ती करतो. कलम सहावं माझ्या पश्चात नव्हे, आजपासून लागू समजावं. बाकीचं मी गेल्यावर बघू.

सही: पाचवे
साक्षीदार: रात्रपाळीची नर्स, शेजारच्या खाटेवरचे शिंपी
स्थळ: हॉस्पिटल, खाट क्रमांक पाच. बदलून देत होते, मी नको म्हटलं.
दिनांक: टाके काढायच्या आदल्या दिवशी.