पामतेलाच्या फलकावर माझा हसरा चेहरा

प्रति,
माननीय वैद्यकीय अधिकारी,
ग्रामीण आरोग्य केंद्र, इकोत न्तुक.

विषय : पामतेलाविषयीच्या फलकावरून माझा फोटो काढून टाकणेबाबत.
संदर्भ : बाजारचौकातील भिंतीवर लावलेला आपल्या केंद्राचा फलक.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, मी जन्मभर पामची फळे उकडून, कुटून लाल तेल काढत आले आहे. आपल्या केंद्रातील परिचारिका म्फोनिसो ही माझ्या मयत बहिणीची मुलगी. तिला मी याच तेलातल्या कालवणावर लहानाची मोठी केली.

गेल्या महिन्यात शिबिरात तिने माझे रक्त घेतले व फोटोही काढला. "आई, हस की जरा! तुझं तेल तालुक्यात गाजेल," म्हणाली. मी हसले. गाजले खरे. आता माझ्या चेहऱ्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की, पामतेलातील पामिटिक आम्ल रक्तातली वाईट चरबी वाढवते, हृदय सांभाळा.

आमच्याकडे भिंतीवर एवढा मोठा फोटो मेलेल्या माणसाचाच लागतो, हे तिला ठाऊक नव्हते काय? वाचता न येणाऱ्या बायका तो पाहून रडत माझ्या दारी आल्या, तेव्हा मी उखळापाशी कुटत होते. माझी जाऊ म्हणाली, "अगं बये, तू जिवंत? मी तुझ्या मयतीसाठी मंडप आणि खुर्च्या सांगून आले की!" ज्यांना वाचता येते ते माझ्याकडचे तेलच घेईनात.

खुलासा मागण्यास मी केंद्रात गेले. म्फोनिसोने मला बाहेरच्या बाकावर बसवले आणि म्हणाली, "आई, तुझ्याच रक्तात जास्त चरबी सापडली. म्हणून तर तुझा फोटो घातला." म्हणजे माझ्या रक्तातली गोष्ट सगळ्या बाजाराला आधी कळली आणि मला शेवटी.

आम्ल खोटे आहे, असे माझे म्हणणे नाही. हेच तेल डोळ्यांना चांगले, हेही लिहायला हवे होते, पण ते असो. पोटच्या पोरीसारख्या वाढवलेल्या पोरीने दगा दिला, त्यावरची गोळी आपल्या केंद्रात नाही. ते दुखणे मला झोपू देत नाही.

सबब विनंती की, फलक राहू द्यावा, खरे आहे ते लोकांनी वाचावे. फक्त माझा चेहरा काढावा. आणि म्फोनिसोने माझ्या चुलीपाशी जेवायला बसून हे सगळे मला स्वतःच्या तोंडाने सांगावे, असा लेखी आदेश द्यावा. त्या दिवशी कालवणात तेल मी कमी घालीन.

आपली नम्र व अद्याप हयात,
आरित ओकॉन एतुक
दिनांक : मोठ्या बाजाराचा दुसरा दिवस