दादाची मोठी लेन्स

३ ऑगस्ट

कडी स्क्रूसकट उपटून आली. हातात कुलूप, कुलपात कडी आणि कपाट सताड उघडं. पलंगावर पाय हलवत बसलेली मुलगी म्हणाली, चला, चोराचं काम आपणच उरकून टाकलं. अशी आमची ओळख झाली. ती माझ्या खोलीतली दुसरी. चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. सगळे तिला ढापणी म्हणतात आणि तिची काही हरकत दिसत नाही.

दोघींनी मिळून जुन्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या आणि त्यात स्क्रू पुन्हा पिळले. कडी आता जागची हलत नाही.

खोली आवडली. दोन पलंग, दोन टेबलं, अंगणाकडे उघडणारी मोठी खिडकी. सकाळभर तिचा उजेड मऊ असतो. कपाट भिंतीतलं आणि चांगलं खोल आहे. पलीकडे न्हाणीघर असल्यामुळे आतला कोपरा गार लागतो. पण हात पोचायला तोच सगळ्यात अवघड, म्हणून सामान तिथे ठेवलं.

सामान दादाचं. दादा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. सामन्याचे फोटो काढताना शिडीवरून पडला आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघेपर्यंत कॅमेरा तू वापर, फोटोग्राफीच्या वर्गात मान वर करून बसशील, असं तोच म्हणाला. आई म्हणाली, हिच्या हातात दिलेली वस्तू परत आल्याचं आठवतंय का कुणाला? दादाने पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. एक कॅमेरा, एक छोटी लेन्स, एक मोठी. मोठीने तो माणसांचे चेहरे काढतो. त्याचं पोट तिच्यावर चालतं.

मोठी लेन्स त्याच्या जुन्या लोकरी टोपीत गुंडाळली, घट्ट झाकणाच्या डब्यात घातली, झाकणाला चिकटपट्टी लावली. डबा रजयांच्या मागे सारला. किल्ली गळ्यात घातली. ढापणीने विचारलं, निजलं का बाळ?

फार बरं वाटतंय. आजवर कुणी मला इतकी मोलाची वस्तू सांभाळायला दिली नव्हती.

७ ऑगस्ट

टोकाच्या खोलीतून लॅपटॉप गेला. मुलगी दार लोटून तोंड धुवायला गेली, तेवढ्यात. रेक्टरबाईंनी सगळ्यांना जमवून सुनावलं की हे वसतिगृह आहे, बँकेचं लॉकर नाही, अशा वस्तू घेऊन येता कशाला.

मी दुसरं कुलूप आणलं. बाहेरच्या सज्जातून खिडकीच्या गजांतून माझा हात कोपरापर्यंत आत जातो, म्हणजे दुसऱ्याचाही जाणार. पलंग सरकवून कपाटाच्या दाराला आडवा लावला. वर्गात फक्त छोटी लेन्स नेते, तीही जेवणाच्या पिशवीत, वर नॅपकिन पसरून. मोठी खोलीबाहेर काढायचीच नाही असं ठरवलं.

ढापणीचे कपडे त्याच कपाटात आहेत. ती म्हणाली, आता मोज्यांसाठीही तुझ्याकडे अर्ज करायचा का? मग अर्ज केला, हात जोडून, खोकून वगैरे. मला हसू आवरेना.

११ ऑगस्ट

आज न राहवून मोठी बाहेर काढली. ढापणीला खिडकीशी बसवलं. चष्मा काढ म्हटलं तर ती लाजली, म्हणाली की चष्म्याशिवाय तिला अंगावर काही नसल्यासारखं वाटतं. फोटो असा आला की ती स्वतःच बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ही कोण?

काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती. वर्गाची घंटा झाली. तशीच टोपीत गुंडाळली, डब्यात घातली, चिकटपट्टी ओढली.

१९ ऑगस्ट

डबा उघडला. ओल्या गादीसारखा वास आला.

लेन्समध्ये एक तंतू आहे. वरून पुसला, जाईना. तो आत आहे, दोन काचांच्या मध्ये. कोळ्याच्या जाळ्यातला एखादा धागा असावा तसा, टोकाला फाटे फुटलेला.

दादाला फोन केला. त्याचीच लेन्स म्हणून सांगायचा धीर झाला नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या लेन्समध्ये असं असं झालंय म्हटलं. दादा म्हणाला, बुरशी. अंधार, ओल आणि कोंदट हवा मिळाली की धरतेच. मैत्रिणीला म्हणावं, लेन्स काही कपाटात पुरून ठेवायची चीज नाही. मग त्याचा आवाज बदलला. त्या लेन्समधून माणसाकडे बघू नकोस म्हणावं, असं तो म्हणाला. मी कारण विचारलं. तो म्हणाला, आमच्या धंद्यात बघत नाहीत. मी हसले. तो हसला नाही.

साफ कशी करायची, विचारलं. उन्हात ठेवायची, म्हणाला. नाही गेली तर? तो म्हणाला की आणखी एक उपाय आहे, पण तो मैत्रिणीने करायचा नाही.

उन्हात म्हणजे खिडकीत. म्हणजे अख्ख्या अंगणाला दाखवत. नको. डब्यातच ठेवली.

२२ ऑगस्ट

जाळं वाढलं. अर्धी काच भरली. फोटोत दिसतं का ते बघायला हवं होतं. ढापणी खिडकीशी वाचत बसली होती. माणसाकडे बघू नकोस हे आठवलं. पण ते जुन्या लोकांचं काहीतरी असेल असं वाटलं. लेन्स तिच्याकडे रोखली.

जाळ्यातून तिचा चेहरा अगदी स्वच्छ दिसला. जाळंच हळूहळू पातळ होत गेलं, ऊन आल्यावर धुकं विरतं तसं.

आता लेन्स नवीकोरी आहे. एक तंतू नाही. दादाने उगीच घाबरवलं.

२३ ऑगस्ट

ढापणी सकाळपासून चष्मा पुसतेय. म्हणते, काचेला केस चिकटलाय. मग म्हणाली, डोळ्यात गेलाय. मी पदरासारखा ओढणीचा बोळा करून फुंकर मारून दिली. केस दिसला नाही. तिने विनोद केला, चष्मा पुसून झाला, आता डोळेच बदलून घेते.

२६ ऑगस्ट

डॉक्टरांना काही सापडलं नाही. थेंब दिले.

दुपारी उजेडात तिने वर बघितलं तेव्हा मला दिसलं. बुबुळाच्या आत. टोकाला फाटे फुटलेले, पांढरे तंतू. मला ते ओळखता आले. त्यांचा आकार मला पाठ आहे.

मी तिला काही सांगितलं नाही.

३० ऑगस्ट

ढापणीचे वडील येऊन तिला घेऊन गेले. एका डोळ्याने काही दिसत नव्हतं, दुसऱ्यात सुरुवात झाली होती. जाताना ती दाराच्या चौकटीवर आपटली आणि चौकटीलाच सॉरी म्हणाली, मग स्वतःच हसली. तिचे वडील हसले नाहीत. मी तिचे कपडे कपाटातून काढून दिले. मोजे हातात ठेवले, तर म्हणाली, अर्ज मंजूर झाला वाटतं.

लेन्समध्ये पुन्हा एक तंतू आहे.

४ सप्टेंबर

उन्हात ठेवली. दोरीने गजाला बांधून, दिवसभर शेजारी बसून. तरी बुरशी वाढली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. आणखी वाढली. वर्ग बुडवला.

खिडकीच्या कठड्यावर कबूतर बसतं. खात्री करायची होती. माणूस नको, पक्षी चालेल, असं मनाशी म्हटलं. त्याच्याकडे बघितलं. थोडं जाळं विरलं, थोडंच.

५ सप्टेंबर

कबूतर तिथेच आहे. भिंतीला डोकं टेकून चालायचा प्रयत्न करतंय. भिंत संपत नाही.

९ सप्टेंबर

लेन्स आता दुधाच्या काचेसारखी झाली आहे. फेकून द्यावी असं मनात येतं. मग दादा आठवतो, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून टीव्ही बघत बसलेला. आईची नजर आठवते.

त्याला सगळं सांगावं म्हणून फोन लावला. त्याने आधीच बोलायला सुरुवात केली. प्लास्टर निघालं. रविवारी सकाळी तो मोठी लेन्स न्यायला येणार. त्याच दिवशी एका शाळेच्या संमेलनात फोटोंचं काम आहे, पुन्हा सुरुवात म्हणून बरंय, असं म्हणाला. किती तरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव होता. म्हणाला, आईला मी सांगितलं होतं, ही सांभाळेल.

मी हो म्हणाले.

११ सप्टेंबर

अंगणात मुली बॅडमिंटन खेळत होत्या. मी लेन्स घेऊन खिडकीत उभी राहिले. एकीने वर बघून हात हलवला. बोलावत होती, खेळायला.

खाली ठेवली. मी लेन्स तिच्याकडे उचलली होती. फक्त बघायला नाही.

१२ सप्टेंबर

कुणाची तरी नजर जाणारच आहे. ढापणीची मी नकळत — नाही, अगदी नकळतही नाही. दादाने सांगितलं होतं.

न्हाणीघरात आरसा आहे. उजेड बरा आहे तिथे.

१३ सप्टेंबर

बघितलं. आरशातल्या माझ्याकडे. जाळं भराभर विरलं, जणू वाटच बघत होतं. लेन्स स्वच्छ आहे. पुसून डब्यात ठेवली.

डाव्या डोळ्यात केस आहे. सुटा नाही, एक जुडगा —

उजवा — अजून थोडं —

ओळ दिसत नाही. वहीवर पट्टी धरून लिहिते. ओळी एकावर एक जात असतील तर —

दुखत नाही. हेच वाईट —

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी दादा आला. डबा त्यानेच काढला. चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला. लेन्स घेऊन तो खिडकीशी गेला असावा. मग म्हणाला, छान ठेवलीस.

माझ्या शेजारी येऊन बसला. हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. विचारलं, कुणाकडे बघितलंस? म्हटलं, आरशात. तो हळूच म्हणाला, येडे, दुसरं कुणी नव्हतं का?

माझे केस नीट केले. म्हणाला, आईला आजार झाला म्हणून सांगू. संध्याकाळी येऊन तुला घरी नेतो.

मग म्हणाला, कडेला एक तंतू राहिलाय. काळजी करू नकोस. शाळेत सगळी मुलं रांगेने बसवणारेत, तिथे जाईल निघून.

मी त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला. हात चांगला बरा झालाय. मी चाचपडत दार गाठेपर्यंत तो जिना उतरला. खिडकीतून ओरडले. खालच्या मुली विचारत होत्या, काय झालं, कुणाला थांबवू? तोवर फाटक वाजलं.

रेक्टरबाई आल्या. शाळेला फोन करते म्हणाल्या. कुठली शाळा ते सांग म्हणाल्या. मी ते त्याला विचारलंच —