दोन कर्मांचं क्रियापद

४ फेब्रुवारी

स्वेटरचं तिसरं बटण तुटलं. माझीच घाई! आत्या नुसती बटणाकडे बघत राहिली. पूर्वीची असती तर म्हणाली असती, "अगं, स्वेटर काढतेस की चामडी?" आता तिच्याकडे जेमतेम पंधरा-वीस शब्द उरलेत. ते ती माझ्यावर उधळत नाही.

चार महिने झाले झटक्याला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो, जीभ जड. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते. येणारं-जाणारं तरी कोण म्हणा!

सकाळी तिचा गाउन काढायचा, दिवसाचे कपडे चढवायचे. संध्याकाळी ऑफिसातून आले की उलटं. आणि मधल्या वेळात ग्रीक-मराठी कोशाच्या कार्यालयात बसून मी काय करते? तर काढते! आमच्या संपादकांनी ('अल्पविराम' म्हणतो आम्ही त्यांना, प्रत्येक शब्दानंतर थांबतात) ग्रीक क्रियापदांचा नवा गठ्ठा टेबलावर ठेवला. अंगावरून काढणे, उतरवणे, हिसकावणे, सोलणे. "तुम्ही, हे, छान, कराल." घरी काढा, ऑफिसात काढा. माझं कर्म!

हा कोश आत्यानेच सुरू केलेला. तिच्या अक्षरातली कार्डं अजून मधूनमधून निघतात.

६ फेब्रुवारी

'लेपो' — साल काढणे, सोलणे. बोलीत — बदडून काढणे. अगदी आपलं 'सोलून काढीन तुला'! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आयासुद्धा हेच म्हणत असणार. आत्याला संत्रं सोलून देताना सांगितलं. ऐकलं की नाही कळलं नाही.

८ फेब्रुवारी

आज मुख्य शब्दाला हात घातला. 'एक्दूओ' — दुसऱ्याचे कपडे काढणे. तेच क्रियापद 'एक्दूओमाइ' झालं की स्वतःचे. शेपूट बदललं की माणूस बदलला. संस्कृत शिकलेल्याला फोड करून सांगायला नको — परस्मैपद दुसऱ्यासाठी, आत्मनेपद स्वतःसाठी.

गंमत पुढेच आहे. आपण म्हणतो 'तिचा स्वेटर काढला'. कर्म काय ते स्वेटर. ती आपली षष्ठीत सुखरूप. ग्रीकात म्हणायचं 'तिला स्वेटर काढला'. दोन्ही कर्मं! कपडाही कर्म, माणूसही कर्म. आत्या वर्गात हे शिकवायची तेव्हा खडू फळ्यावर दोनदा आपटायची. "दोन! एक नाही, दोन!"

संध्याकाळी घरी आले. ती खुर्चीत, गळ्याशी एक बटण उघडलेलं, बोटं दुसऱ्या बटणावर. मला बघून म्हणाली, "काढू दे."

दिलं काढून. तिच्या तोंडून 'न' हल्ली निसटतो — 'दोन'चं 'दो' होतं. 'काढून दे'चं 'काढू दे'. परक्या माणसाला कळायचं नाही. मला बरोबर कळतं!

१० फेब्रुवारी

दवाखान्यातून पत्र. १९ तारखेला तपासणीसाठी सिस्टर घरी येणार. तीन गोष्टी बघतील — आधाराने न्हाणीघरापर्यंत जाता येतं का, स्वतः पाणी पिता येतं का, अंगातला एक कपडा स्वतःचा स्वतः काढता येतो का. तीनही जमलं तर ती घरी राहील, दिवसा दोन तास मदतनीस मिळेल. एक जरी हुकलं तरी शुश्रूषाकेंद्र. नऊ ते पाच घरात एकटी ठेवता येणार नाही म्हणे. शेजारीण डोकावते ते त्यांच्या हिशोबात धरत नाहीत.

दोन गोष्टी जमतात तिला. तिसरीचंच काय ते!

मला भीती वाटते. सरळ लिहून टाकते. चव्वेचाळीस वर्षं या घरात आहे मी, नऊ वर्षांची पोरकी होऊन आले ती इथेच राहिले. लग्न झालं नाही, झालं नाही म्हणून रडलेही नाही, कारण संध्याकाळी दार उघडलं की आतून कुणीतरी खाकरायचं. ती गेली तर मी कुणाशी गप्प बसणार? दोघींनी गप्प बसणं वेगळं, एकटीनं वेगळं.

११ फेब्रुवारी

ती हसली!! डाव्या बाजूने, पण हसली. 'आपोदूओमाइ' — आखाड्यात उतरण्याआधी कपडे उतरवणे, त्यावरून कामाला जोमाने लागणे. मी म्हटलं, "बघ आत्या, आपण कंबर कसतो आणि हे लोक सोडतात!" खुदकन हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

बटण शिवलं. दुहेरी दोऱ्याने, चांगलं घट्ट. आता जन्मात तुटायचं नाही.

१४ फेब्रुवारी

सराव. छे! ती एकेका बटणाशी सात-सात मिनिटं झुंजते, बोटं घसरतात, कपाळावर घाम येतो, ओठ चावते. मला बघवत नाही. मी पुढे झाले की म्हणते, "काढू दे, काढू दे." मग देते काढून. आज मी शेवटचं बटण सोडताना तिने माझ्या हातावर चापट मारली. जोरात. आजारी माणूस चिडतं, मनावर घ्यायचं नसतं. घेतलं.

१५ फेब्रुवारी

'सूलाओ' — पडलेल्या शत्रूच्या अंगावरचं चिलखत काढून घेणे, लुटणे. मराठीत नेमका शब्द आहे: नागवणे. अल्पविराम खूश. "सुरेख, अगदी, सुरेख." दुपारचा चहा एकटीने प्यायले.

१८ फेब्रुवारी

उद्या. तिला सांगितलं, "घाबरू नकोस, मी आहे ना." तिने तोंड भिंतीकडे केलं.

१९ फेब्रुवारी

संपलं.

पाणी प्यायली. न्हाणीघरापर्यंत गेली, रुबाबात. मग स्वेटर. सिस्टर समोर कागद घेऊन बसलेल्या, मी दाराशी. "तुम्ही तिथेच थांबा हं," म्हणाल्या मला. पहिलं बटण निघालं. दुसरं निघालं. तिसरं — माझं, दुहेरी दोऱ्याचं — हलेना. डावा अंगठा निसटतोय, पुन्हा लावतेय, पुन्हा निसटतोय. सिस्टर कागदात मान घालून काहीतरी लिहीत होत्या. मला राहवलं नाही, एक पाऊल पुढे टाकलं. तशी आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "काढू दे."

मला आणखी काय हवं! गेले आणि काढलं.

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी त्यांना हवा तेवढा वेळ दिला होता."

"अहो, पण तीच म्हणाली!"

"मी नीट ऐकलं नाही. पण काढलं तुम्ही ना?" आणि तिसऱ्या चौकटीत 'नाही' लिहिलं. वाईट नव्हत्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेच नको होतं.

आत्याने दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, केंद्राच्या भीतीने.

२४ फेब्रुवारी

सोडून आले. खोलीत दोन पलंग, एक मोठी खिडकी. शेजारच्या पलंगावर एक आजी, गळ्यात मोत्यांची माळ, अखंड बोलतात. आत्याला बडबड कधी सोसली नाही. बिचारी.

निघताना वाकून तिचे बूट काढले. 'हूपोलूओ' — खालून सोडवणे, पादत्राणे काढणे. पायांत सपाता घातल्या. तिने केसांवर हात ठेवला क्षणभर. रस्त्यात रडले, भाजीवाल्यासमोर. त्याने एक लिंबू जास्त टाकलं.

२५ फेब्रुवारी

दार उघडलं. कुणी खाकरलं नाही.

२ मार्च

रविवार खायला उठतो म्हणतात तो हा. पाच वाजता हात आपोआप बटणं सोडायला निघाले. कुणाची सोडू? स्वतःच्याच स्वेटरची सोडली. एक्दूओमाइ! शहाण्या बाईने आत्मनेपदाचं उदाहरण जगून दाखवलं.

'एक्दूओमाइ'चं कार्ड अजून कोरंच आहे. 'स्वतःचे कपडे काढणे' लिहिलं की झालं, पण कोश म्हणजे का नुसतं झालं? अल्पविराम काल 'कधी' एवढंच म्हणाले, पुढचा अल्पविराम डोळ्यांनी दिला.

१६ मार्च

नीट लिहायचं आहे.

आज भेटायला नेहमीपेक्षा तासभर आधी गेले. दार अर्धं उघडं. आत्या खुर्चीत, स्वेटर अर्धा खांद्यावरून घसरलेला, डावा हात मागे अडकलेला. तिकडची सिस्टर समोरच स्टुलावर बसलेली. हाताची घडी घालून! माळवाल्या आजी शेजारून, "हां, आता कोपर, कोपर!" तमाशा चाललाय नुसता, असं वाटलं मला. धावलेच.

"थांबा, थांबा!" सिस्टर म्हणाली. "त्यांनी 'काढू दे' म्हटलंय."

"तेच तर! 'काढून दे' म्हणते ती. तिचा 'न' निसटतो."

"नाही हो. काढू दे. मला काढू दे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मग आम्ही काढू देतो. काल अर्धा तास लागला."

मी आत्याकडे बघितलं. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघून एक भुवई उचलली. वर्गात सोपं रूप चुकवलं की उचलायची तीच. मग हळूहळू, अगदी तोडून, म्हणाली, "न — नाही. त्यात."

त्यात 'न' नाही.

तिथेच पलंगावर बसले. समोर कोपर सुटलं, बाही सुटली, स्वेटर मांडीवर पडला. आजींनी टाळ्या वाजवल्या.

तीस वर्षं कोशाचं काम करते मी. जुन्या पोथीत अक्षर विचित्र दिसलं की नवशिका म्हणतो, लिहिणारा चुकला, आणि आपल्या पदरचं घालून मोकळा होतो. पोथी बरोबर असते, वाचणारा आडमुठा असतो. हे मी दुसऱ्यांना शिकवते! आणि घरात, रोज सकाळ-संध्याकाळ, चार महिने, तिच्या तोंडच्या शब्दात माझा 'न' घुसवला. ती म्हणत होती हात काढ, मी हात घालत होते. सोडवत नव्हते मी तिला. नागवत होते.

आणि तपासणीच्या दिवशी मी दाराशी उभी असताना ती माझ्याकडे बघून जे म्हणाली, ती विनवणी होती. मी तिलाच हुकूम समजले.

नऊ वर्षांची होते, बुटांच्या नाड्यांची निरगाठ बसली होती, मी भोकाड पसरलेलं. ती समोर बसून राहिली. पाऊण तास. "तुझी गाठ, तू सोड. मी आहे." बोटसुद्धा लावलं नाही. केवढं कठीण गेलं असेल तिला, हे आज कळतंय.

१७ मार्च

कार्ड लिहिलं. एक्दूओमाइ — स्वतःचे कपडे स्वतः काढणे. आणि नवीन कार्ड जोडलं, गठ्ठ्यात नसलेलं. 'काढू देणे' यातलं 'देणे' ना दुसऱ्याचं ना स्वतःचं. ग्रीकांना त्याला वेगळं क्रियापदच लागतं: 'एआओ' — होऊ देणे, आड न येणे, हात न लावणे. अल्पविराम म्हणाले, "हा शब्द काढण्याच्या गटात बसत नाही." एका दमात, न थांबता! मी म्हटलं, "बसत नाही, ठाऊक आहे. राहू द्या."

२३ मार्च

तिच्यासमोर हात मांडीखाली दाबून बसले. एकवीस मिनिटं. मी काही केलं नाही! नखांचे वळ उठलेत मांडीवर. तिने स्वेटर माझ्याकडे फेकला आणि हसली. दोन्ही बाजूंनी म्हणावं इतपत.

फेरतपासणीचा अर्ज दिला.

४ एप्रिल

तीनही 'होय'!!! तपासणीच्या सिस्टर त्याच, कागद तोच. मी खोलीबाहेर थांबले होते, आपण होऊन.

घर झाडलं. न्हाणीघरात दांडा बसवून घेतला, सुतार म्हणाला, "भिंत पडेल पण हा नाही पडायचा." तिच्या सगळ्या स्वेटरांची बटणं काढून मोठी लावली, सैल. अंथरूण उन्हात घातलं. बारा तारखेला आणायचं.

११ एप्रिल

उद्या संध्याकाळी घरात माणूस असेल. फुलं आणली आहेत. तिला फुलं आवडत नाहीत, असू देत.

१२ एप्रिल

गाडी बाहेर उभी करून आत गेले. ती खिडकीशी बसून सिस्टरला आणि आजींना ग्रीक मुळाक्षरं शिकवत होती, काचेवर, डाव्या बोटाने. म्हटलं, "आत्या, चल घरी." तिने माझ्याकडे बघितलं, प्रेमाने बघितलं, आणि म्हणाली, "राहू दे."

या वेळी मी आपल्या पदरचं काही घातलं नाही. घरी न्यायला बांधलेले तिचे कपडे परत तिथल्या कपाटात लावले आणि आले.