वास नसलेला आठवडा

प्रिय छकुली,

आता तुला सगळे मॅडम म्हणतात, पण मला छकुलीच लिहू दे. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, सांभाळून घे. शिकले तेच थोडं, त्यातलंही निम्मं विसरले.

काय गं तो हॉल! नैसर्गिक वायूची आंतरराष्ट्रीय परिषद म्हणालीस, मला वाटलं शेगड्या मांडलेल्या असतील. तर नुसते गालिचे आणि टाय लावलेली माणसं! शेजारच्या परदेशी बाईला मी सारखी सांगत होते, ती बोलतेय ना, ती माझी नात. तिला काही कळेना, तरी हसली बिचारी. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

गळती हुंगणारं यंत्र केलंस म्हणे. मला हसूच आलं, घरात सगळ्यांत तिखट नाक तुझंच. गॅसला स्वतःचा वास नसतो, मुद्दाम मिसळावा लागतो, आणि तुझ्या बाबाची नोकरीच ती. घरी यायचा तो सडक्या कांद्यासारखा घमघमत. तुझी आई दारातच बादली भरून ठेवायची. बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना, तर मला म्हणायचा, आई, माझी सीट कायमची राखीव आहे. आणि तू, नाक धरून धूम!

तो आठवडा आठवतो का गं? बाबा आला, तर वासच नाही. तू टुणकन मांडीवर चढलीस, बाबा छान झाला म्हणून गळ्यात पडलीस. त्याला मात्र घास जाईना. वासाचं पिंप संपलेलं, नवीन मागून मागून तोंड दुखलं त्याचं. साहेब म्हणाले, पुरवठा थांबवायचा नाही, चालू दे तसंच. रोज जेवताना तेच बोलायचा, आणि तू त्याच्या मांडीवर. मग त्या लॉन्ड्रीत गळती झाली. कुणालाच वास आला नाही, आणि भडका उडाला. बाबा व्हॉल्व्ह बंद करायला धावला, तो त्या आगीत गेलाच. साहेबांनी खापरही त्याच्याच डोक्यावर फोडलं. मेलेला माणूस थोडाच उलट बोलतो!

पुढे बाबाच्याच गॅस कंपनीनं तुला शिकवलं, नोकरीला घेतलं. म्हटलं, होऊ दे पोरीचं भलं.

भाषणानंतर जेवताना तू म्हणालीस, आजी, मी बाबांबद्दलही बोलले, खूप चांगलं बोलले. मी मान डोलावली. म्हातारीला इंग्रजी कुठलं कळायला, असंच ना? अगं, दारातल्या मुलीनं माझ्या कानाला एक यंत्र लावून दिलं होतं. तुझं बोलणं त्यातून एक बाई आपल्या भाषेत सांगत होती, फार गोड आवाजात. पडद्यावर ती जळकी लॉन्ड्री आली आणि बाई म्हणाली, वास मिसळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे इथे माणसं मेली. पुढे टाळ्या पडल्या. मीही वाजवत होते, हात थांबलेच नाहीत वेळेवर.

ती भाषणं पुस्तकात छापणार आहेत ना? त्याआधी ते वाक्य खोड आणि पिंपाचं लिही. नोकरीवर येईल, कळतं मला. म्हणून हुकूम करत नाही, मागतेय. नाही जमलं तर तसं कळव, मी वाट बघणार नाही. साहेबांनी म्हटलं ते गिळलं होतं मी. तुझ्या तोंडचं घशाखाली उतरत नाही गं.

तुझीच,
आणि त्याचीही आई असलेली,
आजी